सुईणींच्या नावाची कार्डं

जन्मनोंदणीच्या खिडकीमागे देवरामने सव्वीस वर्षं काढली. तेवढ्या वर्षांत त्याने डोकं चालवलं ते एकदाच, आणि त्याचंही कुणाला कौतुक नव्हतं.

खाडीकाठच्या कोपर-दिवा गावांतल्या कोळणींना पोराच्या जन्माची तारीख विचारली की सांगता येत नसे. नोंद बारशाआधीच झालेली असे, म्हणून वहीत नावाचा रकानाही कोरा. पण बाळंतपण कुठल्या सुईणीने केलं, ते एकही बाई विसरत नसे. देवरामने हे हेरलं. ऐंशी साली जुन्या लग्नपत्रिका कापून त्याने सुईणींच्या नावाने कार्डं केली: सुईण, आई, वहीचं पान. मग दाखला दहा मिनिटांत.

शहाण्णवला कॉम्प्युटर आला. देवराम कार्डांचे खोके घेऊन कार्यालयाचे प्रमुख सुधीर साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, सुईणीचा एक रकाना ठेवा."

"देवराम, आता सुईणी कुठल्या काढताय? नाव टाकलं की दाखला बाहेर!"

नाव कोरं असलेली नोंद मशीन घेईना, म्हणून माहिती भरणाऱ्यांनी तसल्या सगळ्या नोंदी सरळ वगळल्या. वह्या गठ्ठे बांधून कुठल्याशा गोदामात गेल्या, कार्डं रद्दीत. साहेबांचा मात्र कॉम्प्युटर आणल्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या वाजवायला देवरामलाही बसवलं होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याने टाळ्या वाजवल्याच.

पुढच्या जूनमध्ये कोपरची मंजुळा आली. तिच्या लेकीला, कांताला, नर्सिंगला जागा मिळाली होती, जन्मदाखला उद्याच्या उद्या हवा होता.

"चंद्रभागा सुईणीच्या हातची पोर हाय माजी. तुमीच लिवलेलं ना, भाऊ?"

त्यानेच लिहिलं होतं. खाडीचं पाणी घरात शिरलं त्या साली, हेसुद्धा त्याला आठवत होतं. पडद्यावर कांता नव्हती. तो साहेबांकडे गेला, गोदाम उघडा म्हणून हातापाया पडला.

"मशीनमध्ये नाही म्हणजे नाही," साहेब म्हणाले. त्यांनी छापील कागद काढला: 'सदर जन्माची नोंद आढळत नाही.' खाली सही देवरामची हवी होती. निवृत्तीला चार वर्षं होती. त्याने सही केली. त्याला स्वतःची किळस आली.

मंजुळाला वाचता येत नव्हतं. शिक्का बघून तिने कागद कपाळाला लावला.

"तुमी हाव म्हनून दाखला झाला हो, भाऊ," ती म्हणाली आणि लगबगीने पोरीकडे निघाली. देवरामला तिला हाक मारायची होती. त्याने मारली नाही.