चांदणी थावरू राठोड, वय दीड, स्त्री

"खुनी हायेस तू, बाई."

थावरूकाका राठोड पहिल्या भेटीत मला हे म्हणाले होते.
आज सकाळी काका गेले.

हार घातलेला फोटो टाकणार नाही. खाली जो काळा-पांढरा फोटो आहे, तो त्यांच्या लेकीच्या मेंदूचा आहे.
लेक म्हणजे घोडी. थांबा, नीट सांगते.

सात वर्षांपूर्वी आर्णी तालुक्यात माझं पहिलं पोस्टिंग. जनावरांची डॉक्टर, डिग्री कोरी करकरीत आणि अंगात शहाणपण जरा जास्तच.
काकांच्या तांड्यावरून फोन आला. त्यांचं दीड वर्षाचं शिंगरू, चांदणी, तीन आठवडे अंगणात गोल फिरत होतं.

नुसतं गोल. सतत उजवीकडे वळत. बाजेएवढा गोल, मातीत वाट पडलेली.
डाव्या डोळ्यापुढे हात नेला तरी पापणी हलत नव्हती.

मी पाच मिनिटांत निकाल दिला. "काका, मेंदूत बिघाड आहे. उपाय नाही. तिचा त्रास वाचवू, कायमचं झोपवू."
सिरिंज भरूनही झाली होती हो माझी.

तेव्हा ते वरचं वाक्य. आणि मग हे:

"तुले आतमंदी काय हाय ते दिसलं काय?"
"नाही, पण..."
"मंग पाहून मार ना! न पाहता कायले मारून राह्यली?"

मी सिरिंजला टोपण लावलं.

"माहा भाऊ गाडीवरून पडलता, तं यवतमाळले त्याच्या डोक्याचा फोटू काढला. हिचाही काढ."
"काका, ते सीटी स्कॅन मशीन माणसांचं आहे."
"मशीनले काय समजते?"



यवतमाळच्या त्या स्कॅन सेंटरच्या मालक डॉक्टरांचं मी चार दिवस डोकं खाल्लं. शेवटी ते हो म्हणाले. रविवार दुपार, एकही पेशंट नसताना, आणि नंतर सगळं आम्ही धुवायचं.
टेबल किती वजन पेलेल हा प्रश्न होता. चांदणीला कापूस तोलायच्या काट्यावर चढवलं. मर्यादेत जेमतेम बसली!

काकांनी तिच्या चारही खुरांना नातीचे शाळेचे मोजे घातले होते. पांढरे, निळ्या पट्टीचे.
"लादी खराब व्हाले नको," म्हणाले.

गाडीतून उतरताना ते तिच्याशी गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, बोलत होते. "चाल छोरी, चाल."
भूल दिल्यावर तांड्यातल्या सहा जणांनी ताडपत्रीवरून तिला उचलून टेबलावर ठेवलं. मी नाडी धरून बसले. माझीच जोरात होती.

खरी गंमत पुढे आहे.

टेक्निशियन मोहनदादांचं सॉफ्टवेअर नाव, वय आणि लिंग भरल्याशिवाय पुढेच जाईना. घोडी असा पर्यायच नाही. मग मोहनदादांनी प्रामाणिकपणे भरलं: चांदणी थावरू राठोड, वय दीड, स्त्री.
नातेवाईक: थावरू राठोड. नातं: बाप.

फोटो रिपोर्टसाठी ऑनलाइन दुसऱ्या शहरात गेले. तिथल्या डॉक्टरांना कोणी काही सांगितलंच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने सांगितलं असेल.

अर्ध्या तासात फोन. मोहनदादांनी स्पीकरवर टाकला.

"अहो, दीड वर्षाच्या मुलीचा जबडा एवढा लांब? आणि हे दात?? पेशंट नक्की कोण आहे?"

मी तोंड उघडायच्या आत काका फोनजवळ वाकले.

"साहेब, पोरगी माहीच हाय. फक्त घोडी हाय."

 पलीकडचे डॉक्टर इतके हसले, इतके हसले, की मोहनदादांना फोन दोनदा लावावा लागला.
त्यांनी मग मन लावून फोटो पाहिले. उजव्या बाजूला, स्कॅनसाठी शिरेतून दिलेल्या औषधाने उजळलेलं एक कडं होतं. आत पू. तिच्या गळ्याला आधी एक गाठ येऊन फुटून गेली होती, तिथला संसर्ग वर चढलेला.

ट्यूमर नाही. गळू! म्हणजे औषधाला वाव होता. खात्री नव्हती, पण वाव होता.

गरज पडली तर म्हणून मी सिरिंज भरून सोबत आणली होती; बाहेर जाऊन तिच्यातलं ते औषध सिंकमध्ये ओतलं. 

पुढे दोन-अडीच महिने अँटिबायोटिक्स. काका रोज फोनवर रिपोर्ट द्यायचे.
"बाई, गोल मोठा होऊन राह्यला."
बाजेएवढा गोल बैठकीएवढा झाला. मग अंगणाएवढा.

आणि एका सकाळी चांदणी गोल सोडून सरळ निघाली, ती थेट शेजाऱ्याच्या तुरीत.
शेजारी भांडायला आला. काकांनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "अबे, माही पोरगी सरळ गेली!"
त्या माणसाला अजून कळलेलं नाही की त्याचं नुकसान झालं की सत्कार.

नंतर चांदणीने कितीतरी नवरदेव मिरवले. एकही वाकडा नेला नाही.

गेल्या महिन्यात काकांचा तोल जायला लागला. त्याच सेंटरमध्ये नेलं. तेच टेबल, तेच मोहनदादा.
"काका, नातेवाईक कोण लिहू?"
"चांदणी लिव. नातं पोरगी."
मोहनदादांनी लिहिलं. खरंच लिहिलं.

यावेळी फोटोत जे दिसलं, त्याला औषध नव्हतं. मला ते सांगता येईना. काकांनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला.
"पाहून घेतलं ना, बाई? मंग झालं."

मला त्यांची फार आठवण येणार आहे. रोज येणार आहे.

आज तांड्यावरून काकांना स्मशानात नेताना चांदणीला कोणी बोलावलं नाही, कोणी धरलंही नाही. ती मागून आली.
अगदी सरळ चालत.

काका, तुमच्या या खुनी बाईचा मनापासून नमस्कार. सिरिंज भरायच्या आधी आता मी पाहते.