वळणावरचे दगड
भंडाऱ्याजवळच्या अभयारण्यात, बैलबंड्यांच्या जुन्या वाटेच्या वळणावरचा दगडांचा ढीग मीच उचलायला लावला, चूक माझीच. बंडीच्या चाकाच्या वंगणाचा वास आला की ती दुपार आठवते. बैल सुखरूप पोचावेत म्हणून तिथून जाणारा प्रत्येक बंडीवाला एक दगड ठेवायचा. त्याच वाटेवरून गेलेल्या सफारीच्या रस्त्याचा मुकादम म्हणून मी ते दगड मजुरांकडून खड्ड्यांत भरून घेतले. तेवढ्यात एक बाई बंडी हाकत आली. रिकामी जागा पाहून तिने भर वाटेत बैल सोडले. "काहून गा बाबू, कोणाले इचारून उचलले?" मी ओरडलो, "जंगल सरकारचं आहे, बंडी बाजूला घे!" ती जुवावर ठाण मांडून बसली. "सरकारनं एक तरी दगड ठेवला काय इथं? माझ्या आज्याचा दगड काढून दे, मंग हटीन." मागे गाड्या खोळंबल्या, पर्यटक चिडले, ती हलली नाही. शेवटी मजुरांनी खड्डे उकरून ढीग पुन्हा रचला. मी मात्र तोंड फिरवून उभा राहिलो. ते मला बारा वर्षे सलत होते. गेल्या महिन्यात तिच्या अंगणात गेलो आणि म्हणालो, "मावशी, दगड तुमचेच होते. चुकलो मी, माफ करा."