बसून बोलेन

"मावशी, सगळ्या बँकांपुढे हात पसरून झाला, आता आमचा नंबर का?"

लोणावळ्यातल्या बँकेचा कर्जवाला साहेब मोठ्यानं बोलला. माझ्या पोराच्या वयाचा. मला उभंच ठेवलं होतं. स्क्रीन त्यानं मागच्या लोकांना दिसेल अशी वळवली आणि लोक हसले. चांगल्या कपड्यांतली माणसं, हसायला काहीही चालतं यांना.

मी तिथल्याच एका बंगल्यावर राबते. स्वयंपाक, झाडलोट, पिऊन आलेल्या पाहुण्यांच्या उलट्या पुसणं. राहते मागच्या पत्र्याच्या खोलीत. मला एक खोली का होईना, स्वतःची हवी होती. जिथं कुणी "ऊठ, पाहुणे आलेत" म्हणणार नाही.

मालकाचा पुतण्या कर्ज काढून देतो. म्हणाला, "पुष्कळ बँकांत टाकू, कुठंतरी लागेल." मला पटलं. आमचं गाव पवनानगरकडचं. माझा बाप धरणात असेच भरपूर गळ टाकून बसायचा, एकाला तरी मासा लागायचा. फोनवर ओटीपी येत गेले, मी सांगत गेले.

प्रत्येक बँकेनं माझी चौकशी केली आणि प्रत्येक चौकशीची नोंद माझ्या नावावर पडली. बँका कर्ज देताना बघतात तो स्कोअर घसरला. कर्ज एकीनंही दिलं नव्हतं, हप्ता मी कधी चुकवला नव्हता, तरी मी दारोदार मागत फिरणारी ठरले. पुतण्याला हे सगळं ठाऊक होतं. कर्ज लागलं तर कमिशन त्याचं, नाव बिघडलं तर माझं. असला हा शिकलेला!

मी म्हणाले, "सायेब, मी एकदाच घर मागितलं. बाकीचं त्या पोरानं केलंय."

"ओटीपी तूच दिलेस ना? तुम्हा लोकांना कळत नाही, तर या भानगडीत पडता कशाला? मालकानं खोली दिलीय, राहा की गुमान."

मला लाज वाटली नाही. राग आला. "ती स्क्रीन तिकडं फिरव," मी म्हणाले. "माजं नाव हाय त्यावर. लोकांना दाखवायला तमाशा न्हाई."

त्यानं फिरवली.

बंगल्यावर आले तर पुतण्या हजर. "मावशी, अजून एका बँकेत टाकलंय. ओटीपी सांगा." फोन माझ्या हातात वाजला.

"न्हाई सांगत."

मालकीणबाई म्हणाल्या, "घरचाच आहे गं तो. एवढा माज असेल तर खोली रिकामी कर."

केली. आता जवळच्याच कुरवंडे गावात भाड्यानं राहते. स्कोअर चढेपर्यंत माझ्या नावाला कुणाला हात लावू देणार नाही. मग त्याच बँकेत जाईन, त्याच साहेबासमोर. खुर्ची ओढीन आणि बसून बोलेन.