पासलीचा पावेल

पावेल एसटीत बसत नसे. पासलीहून वेल्ह्याला येणारी गाडी निम्मी रिकामी असली तरी तो दारापाशी दांडा धरून उभा राही. गिटार पाठीला, नजर बाहेर, ओठ सतत हलते. वळण आलं की या पायावरून त्या पायावर. सुरुवातीला कंडक्टर त्याला बसायचा आग्रह करत, मग त्यांनी नाद सोडला. मी एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, "बसलं की शब्द झोपतात." हे वाक्य तो माझ्या घरीही म्हणे, ओट्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालता घालता. त्याच्या हातातला चहा हिंदकळून फरशीवर सांडे आणि मी फडकं घेऊन मागे फिरे.

तो रशियन होता. कवी होता आणि आपल्या कविता स्वतःच चाल लावून गात असे. असा माणूस वेल्ह्याच्या डोंगरात कशाला आला, हा प्रश्न आधी गावाला पडला आणि मग पोलीस पाटलांना. त्याला इंग्रजी जेमतेम येई, मराठी शून्य. माझा भाचा विनायक वेल्ह्याला तहसील कचेरीत आहे. त्याला आठवलं की आपली भोरची नलूमावशी तरुणपणी रशियन शिकली होती. त्याचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मी पासलीत होते.

माझं रशियन काय, तर पुण्याच्या एका कारखान्यात रशियन यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करण्यात माझी सगळी नोकरी सरली. झडप, वंगण, दाब, गळती हे सगळं मला येई. हुरहुरीला काय म्हणतात ते आठवत नसे. अंगणात उभ्या असलेल्या त्या उंच, पिंगट दाढीच्या पन्नाशीतल्या माणसाला मी त्याच्या भाषेत नमस्कार केला, तेव्हा तो दोन पावलं मागे सरला. मग माझं नाव विचारलं, वडिलांचं विचारलं आणि तिथल्या तिथे त्यांच्या रीतीने माझं बारसं केलं: नलिनी गोविंदोव्ना. शेवटपर्यंत मी त्याला तीच.

कागदपत्रं ठीक होती. त्याच्या देशाने युद्ध सुरू केल्यावर तो त्याविरुद्ध बोलला होता, म्हणून त्याला घर सोडावं लागलं. आधी गोव्यात राहिला. तिथे त्याच्याच देशाचे इतके लोक भेटत की देश सोडल्यासारखं वाटेना, असं तो म्हणे. पुण्याच्या एका गिर्यारोहकाबरोबर तोरणा बघायला आला आणि पासलीत नामदेव आणि हिराबाई यांच्या घरालगतच्या खोलीत राहिला. नामदेवांची थोडी भातशेती. दोन्ही मुलगे पुण्याला. नाव ऐकल्यावर हिराबाई मला म्हणाल्या, "देव पावेल म्हंतो आपन, तसला पावेल व्हय? मग ऱ्हाऊंद्या की."

मराठी तो हिराबाईंकडून आणि शेजारच्या बायकांकडून शिकला. त्यामुळे तो "मी येते", "मी जेवते", "मला न्हाई म्हाईत बया" असं बोले. सहा फुटांचा दाढीवाला माणूस "मी दमले" म्हणाला की पारावरची माणसं तोंड फिरवून हसत. मी चूक समजावून सांगितली. त्यावर तो म्हणाला, ज्यांनी भाषा दिली त्यांच्यासारखीच ती बोलायला हवी.

महिन्यातून एकदोनदा तो भोरला माझ्याकडे येई. एरवी भटकत असे. केळदच्या रस्त्याला एका वळणावर मोबाईलला रेंज येई, तिथून तो आईला फोन करी. त्याचं गाव उरल पर्वताकडे, कामा नावाच्या नदीच्या काठी. वडील रेल्वेत इंजिन चालवत. ते गेले तेव्हा हा शाळेत होता. आई, नीना पेत्रोव्ना, बालवाडीत मुलांसमोर अकॉर्डियन वाजवायची. पावेलने पुढे बरीच वर्षं इमारती गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या खोलीत कोळसा टाकायचं काम केलं. एका भट्टीकडून दुसऱ्या भट्टीकडे जाताना गाणी सुचायची. ती मित्रांच्या स्वयंपाकघरांत गायली जायची, कुणीतरी ध्वनिमुद्रित करायचं, कुणीतरी पुढे द्यायचं. त्यातलं एक गाणं त्याच्या नावाशिवाय देशभर पोचलं. पण ते कुठलं, हे तो सांगत नसे. गिटार तो तासन्‌तास वाजवी, इतर गाणी म्हणे. त्या गाण्याचा विषय निघाला की उठून चालू लागे.

ते गाणं गावाने आपणच शोधून काढलं. चैत्रात पासलीची जत्रा होती. नामदेवांनी पुण्याच्या मुलाकडून पावेलचं नाव मोबाईलवर शोधून घेतलं, तर एक व्हिडिओ सापडला. लाखो लोकांनी पाहिलेला. आपल्या घरी एवढा मोठा माणूस राहतो याचा नामदेवांना कोण अभिमान वाटला. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी देवळापुढच्या कर्ण्यावर ते गाणं लावलं. मी त्या दिवशी तिथेच होते. चाल सुंदर होती, पाय आपोआप ठेका धरतील अशी. लोकांनी टाळ्या धरल्या. पावेल प्रसादाचा द्रोण हातात घेऊन उभा होता. त्याने तो जपून ओट्यावर ठेवला आणि गर्दीतून वाट काढत गावाबाहेर निघून गेला.

मी त्याच्या मागे गेले. केळदच्या रस्त्यावर त्याला गाठेपर्यंत मला धाप लागली होती. तो थांबला नाही, पण चाल धीमी केली, आणि चालता चालता सगळं सांगितलं.

गाणं त्याने तरुणपणी लिहिलं होतं. नदीकाठच्या लहानशा स्टेशनवर एक तरुण गाडीत चढायला निघालाय आणि त्याची बहीण त्याला म्हणतेय, चढू नकोस, घरी चल. रशियनमध्ये घरी म्हणजे 'दमोय'. युद्ध सुरू झालं तेव्हा कुणीतरी तेवढा एक शब्द बदलला. 'दमोय'च्या जागी 'ना बोय', म्हणजे लढाईला. मात्रा तेवढ्याच, यमक तेच. आपल्याकडे 'घरी'चं 'रणी' करावं तसं. आता भरतीच्या मंडपातून ते वाजतं, पोरं त्या ठेक्यावर पावलं टाकत गाडीत चढतात. त्याच्या इमारतीतली मुलंही चढली. एकाला त्याने लहानपणी गिटार धरायला शिकवलं होतं. तो परत आला नाही. त्याच्या आईने जिन्यात नीना पेत्रोव्नांना विचारलं होतं, "हे गाणं तुमच्या पावेलचंच ना?"

"मी काय उत्तर देऊ तिला?" पावेल म्हणाला. "चाल माझीच आहे."

मी परत येऊन नामदेवांना हे सांगितलं. ते मोबाईल पुढे करून म्हणाले की यातनं ते कसं पुसायचं ते दाखवा. हिराबाईंचं मात्र वेगळंच चाललं होतं. त्यांना खरं गाणं ऐकायचं होतं. "बहीन काय म्हंती त्ये तरी कळूंद्या," असं त्या पावेललाच म्हणाल्या. तो नाही म्हणाला. त्या पुढे रोज भाकरी वाढताना तेच विचारत राहिल्या. शेवटी तो माझ्याकडे भोरला आला आणि म्हणाला, नलिनी गोविंदोव्ना, भाषांतर करू या.

यंत्रांच्या भाषांतरावर आयुष्य काढलेल्या बाईला गाणं कुठलं यायला. पण तो येरझारा घालत एकेक ओळ सांगे, मी लिहून वाचून दाखवी, त्याला ठेका पटला नाही की तो मान हलवी. अखेर बायकांच्या तोंडी बसेल असं काहीतरी झालं:

*कामाच्या गं काठी, उभी आगीनगाडी,*
*नको चढू भाऊराया, चल घरी.*

पासलीत पावेलने ते बायकांना स्वतः म्हणून दाखवलं, हळू आवाजात, गिटारवर. घर सोडल्यापासून तो ते पहिल्यांदाच गात होता. बायका ऐकत राहिल्या. एकीने विचारलं, कामाला काठ कसा? मी नदीचं नाव समजावलं. त्या हसल्या. पावेलही हसला, पण लगेच गिटार पिशवीत घालून बाहेर पडला.

आषाढात आवणी सुरू झाली. चिखलात वाकून बायका भाताची रोपं लावत होत्या. पावेलचा व्हिसा संपत आला होता, त्याबद्दल बोलायला मी पासलीला गेले होते. त्याच्या मित्रांनी त्याला जॉर्जियात बोलावलं होतं. तिथे घर होतं, गायला लोक होते. आम्ही बांधावर उभे होतो. खाचरातून गाणं ऐकू आलं. चाल त्याची होती, थोडी लांबवलेली, वाकलेल्या पाठींना जमेल अशी. पावेलने माझा दंड धरला.

"शब्द बदललेत. काय म्हणतायत?"

मी नीट ऐकलं. हिराबाई सांगत होत्या आणि बाकीच्या मागून म्हणत होत्या:

*कानंदीच्या काठी, उभी एसटी गाडी,*
*नको चढू भाऊराया, चल घरी.*

"नदी त्यांनी त्यांची घातलीय," मी म्हटलं. "आणि आगगाडी काढून एसटी आणलीय. इथली मुलं एसटीत चढूनच शहरात जातात."

"आणि शेवटचा शब्द?"

"घरी."

"तो नाही बदलला?"

"नाही."

तो बांधावरून सरळ पाण्यात उतरला, बुटांसकट. बायका ओरडल्या, रोपं तुडवाल म्हणाल्या. तो तिथेच थिजला आणि त्यांचं गाणं संपेपर्यंत उभा राहिला.

त्यानंतर आठवडाभरात तो भोरला आला आणि त्याने मला सांगितलं की जॉर्जियाला जात नाही, गावी जातोय. मी रागावले. नको तितकं बोलले. तुला पकडतील, आईला तुरुंगाच्या दारात उभं करशील, गाणं कुठूनही म्हणता येतं, असं सगळं. तो नेहमीसारखा खिडकीपर्यंत जाई आणि परत येई. शेवटी म्हणाला, "मी सगळ्यांना सांगतो, घरी चला. आणि मी कुठे आहे?"

"तू जिवंत आहेस," मी म्हटलं.

"जिन्यातल्या त्या बाईंना मी तोंड दाखवलेलं नाही, नलिनी गोविंदोव्ना. फोनवर तोंड दिसत नाही."

आजही तो बरोबर होता असं मी म्हणू शकत नाही, आणि चुकला असंही कुणाला म्हणू देत नाही.

त्याला निरोप द्यायला आम्ही हायवेपर्यंत गेलो, मी, नामदेव आणि हिराबाई. नामदेवांनी आम्हाला ओळखीच्या टेम्पोतून आणलं होतं. कामथडीच्या बाजूने भरधाव येणाऱ्या गाड्यांकडे बघत हिराबाई पदर सावरत उभ्या होत्या. त्यांनी तांदळाच्या भाकरी बांधून दिल्या होत्या. त्या विमानात टिकतील का, एवढंच त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मुंबईची गाडी आली. पावेल नामदेवांच्या पाया पडला, हिराबाईंच्या पडला. पाहुण्याने पाया पडावं हे त्यांना आवडलं नाही, पण त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "मी येते," तो म्हणाला. कुणी दुरुस्त केलं नाही.

पुढचं मला नीना पेत्रोव्नांकडून कळलं. त्याने माझा नंबर त्यांना देऊन ठेवला होता. घरी पोचल्यावर तो आधी त्या शेजारणीकडे गेला. दार बराच वेळ बंद होतं, आत काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीही सांगितलं नाही. मग एका रविवारी भर दुपारी तो स्टेशनासमोरच्या बाजारात उभा राहिला आणि त्याने गाणं म्हटलं, जसं लिहिलं होतं तसं. लोक थांबले. काहींनी चाल ओळखून सूर लावला आणि शेवटच्या शब्दापाशी अडखळले. दुसऱ्या कडव्याला शेजारीण गर्दीतून पुढे येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिने तो शब्द मोठ्याने म्हटला. पोलिसांनी तिला सोडून दिलं. त्याला नेलं. शिक्षा झाली. किती वर्षांची, ते त्यांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा विचारलं, मला वाटलं माझं रशियन चुकतंय.

त्या अधूनमधून फोन करतात. कधी कधी महिना जातो, मग मी फोन हातात घेऊन घरभर फिरते. परवा आवणीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. तुरुंगात त्याची भेट मिळाली होती. बारीक झालाय, पण तिथे जडलेला खोकला कमी आहे म्हणाल्या. आणि त्याने एक निरोप दिलाय, तो त्यांना नीट कळलेला नाही, तरी जसाच्या तसा सांगते म्हणाल्या: हिराबाईंचं भात लावून झालं का, ते विचार.

मी दुसऱ्या दिवशी पासलीला गेले. पाऊस उघडला होता. हिराबाई दारात पाय धूत होत्या. मी निरोप सांगितला. त्या तांब्या तसाच हातात धरून थांबल्या.

"झालं म्हनावं," त्या म्हणाल्या. "सगळं लावून झालं. आन् खोली कुनाला दिली न्हाई म्हनावं. पुन्याचे लई येत्यात मागायला. न्हाई दिली."

केळदच्या रस्त्याला त्या वळणावर जाऊन मी नीना पेत्रोव्नांना फोन लावला आणि हे सांगितलं. त्या म्हणाल्या, खोलीचं हिराबाईंच्याच शब्दांत पुन्हा सांगा, हळू सांगा, मला त्याला पाठ म्हणून दाखवायचंय.

मी पुन्हा सांगितलं. त्या माझ्यामागून एकेक शब्द म्हणत गेल्या.