रोजची गाडी

"रोजची गाडी आहे, बापा. रोजचंच पाहा."

हे म्हणताना तो डोळे मिटायचा आणि अंगठा बॉनेटवर टेकवायचा, वैद्यानं नाडी पाहावी तसा. यवतमाळात माझं शिवणाचं दुकान आणि त्याचं गॅरेज यांच्या मध्ये फक्त एक पत्रा होता. त्यामुळे हे वाक्य मी दिवसातून किती वेळा ऐकलं असेल ते विचारूच नका. झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही म्हणायचो. आम्ही एकाच वस्तीतले. लढाईच्या दिवसांत तो फौजेच्या वर्कशॉपात काम शिकला, मग राजूरच्या खाणीवर होता, आणि तिथून आल्यावर एका सरकीच्या व्यापाऱ्याची पिकअप सांभाळू लागला. सकाळी सरकीची पोती घेऊन आर्णीचा नाहीतर महागावचा बाजार करायचा, दुपारनंतर गॅरेजात लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा. दुरुस्त करताना गाडीशी जितकं बोलायचा तितकं बायकोशी बोलला असता तर त्या बाईचं भलं झालं असतं.

तुम्हीही असे ड्रायव्हर पाहिले असतील, ज्यांना आपली गाडी विमानासारखी पळायला हवी असते. तसे पोट्टे त्याच्याकडे नेहमी यायचे. "मिस्त्री, गाडीत जीव नाही. काही तरी करा नं."

मग मिस्त्री हात पुसायचा आणि शिकवणी सुरू व्हायची.

"इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट असते. तिच्यावर उंचवटे असतात, ते वाल, म्हंजे हवेच्या झडपा, उघडतात. उंचवटे मोठे असले तं इंजिन जास्त हवा ओढते, गाडी पळते. पण कधी? पळवली तेव्हाच! हळू चालवली का खोकलते, माल भरला का बसते. तुले शर्यतीत जायचं आहे का बाजारात?"

"बाजारात."

"मंग? रोजची गाडी आहे, बापा."

पोट्टा तोंड पाडून निघून जायचा, आणि मी पत्र्याआडून ओरडायचो, "मिस्त्री, गिऱ्हाईक घालवाची कला कोणी तुह्याकडून शिकावी!"

गंमत अशी की तशी मोठ्या उंचवट्यांची एक कॅमशाफ्ट, तो तिला नुसतं कॅम म्हणायचा, त्याच्या स्वतःच्या पेटीत होती. खाणीवरच्या एका साहेबाला मोटारींच्या शर्यतीचं वेड होतं. साहेब देश सोडून जाताना ती मिस्त्रीला देऊन गेला. मिस्त्रीनं ती तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. अधूनमधून काढायचा, पुसायचा, उजेडात फिरवून पाहायचा, परत ठेवायचा.

"लेकरू आहे का ते?" मी विचारायचो. "बसव नं एकदा कोनत्या गाडीत."

"कोनत्यात बसवू? साऱ्या रोजच्याच गाड्या."

एवढं बोलून पेटीचं झाकण लावायचा. पण त्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्या कॅमचा आवाज एकदा ऐकायचा होता त्याला, दुसरं काही नाही.

मग छप्पन सालचा दसरा जवळ आला. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा होती. आमची सगळी वस्ती जायला निघाली. ज्यांच्या शब्दावर ती निघाली त्यांना आम्ही नुसतं बाबा म्हणायचो, दुसरं नाव घ्यायची गरजच नव्हती. सगळ्यांत जास्त घाई मिस्त्रीच्या मायला. "मले बाबाचा आवाज ऐकाचा आहे," एवढंच ती बोलायची. जेवतानाही तेच. मी रात्रंदिवस पांढरे सदरे, पांढरी लुगडी शिवत होतो. माझ्या मशीनला पांढऱ्याशिवाय दुसरा धागा माहीत नव्हता त्या दिवसांत.

व्यापाऱ्यानं पिकअप द्यायचं कबूल केलं, पण दसऱ्याच्या दिवसभराचं काम उरकून. म्हणजे दसऱ्याची दीक्षा हुकणार होती, पण संध्याकाळी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या भाषणाच्या सभेला पोचता येणार होतं. रात्रभराचा वेळ हाताशी होता, काळजीचं कारण नव्हतं.

त्यात पिकअपचीच कॅम झिजली. इंजिन एका पायानं लंगडावं तसं चालू लागलं. मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि फळीवर दोन कॅम शेजारी शेजारी ठेवल्या. एक साधी, मोडीतल्या गाडीतून काढलेली, पण चांगली. दुसरी ती साहेबाची. पिकअपच्या इंजिनाला दोन्ही बसत होत्या.

मला वाटलं, यात पाहायचं काय? त्याचं वाक्य मीच म्हटलं. "रोजची गाडी आहे, बापा."

तो माझ्याकडे वळला. डोळे उघडे होते.

"पण हा दिवस रोजचा आहे का?" तो म्हणाला. "या गाडीत मी रोज सरकीची पोती नेतो. माही माय पोत्यासारखी जाईन का तिथं? जनमभर लोकाच्या गाड्यामागं धूळ खात चालली ते. आपली गाडी अशी गेली पाहिजे का लोकायनं बाजूले होऊन पाह्यलं पाहिजे."

मला सुई-दोऱ्यातलं कळतं. आणि खरं सांगतो, तो बोलला ते ऐकून माझाही ऊर भरून आला होता.

आर्णीच्या मोकळ्या रस्त्यावर त्यानं गाडी पाहून घेतली, मी शेजारी बसलो होतो. काय तो आवाज! काय ती धाव! कडुलिंबाची झाडं मागे पळत होती. मिस्त्री हसत होता, मोठ्यानं, लहान पोरासारखा. त्या माणसाला तसं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी निघालो. मागे दाटीवाटीनं माणसं, पुढे मिस्त्रीच्या शेजारी माय, पांढऱ्याशुभ्र लुगड्यात. पहिल्याच गावात दसऱ्याची गर्दी रस्त्यावर. दुसऱ्या गावात तेच. तिथून सुटलो तर रस्ताभर बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसं, पांढरे कपडे घातलेली, नागपूरकडे तोंड केलेली. त्यांच्यातून हॉर्न वाजवत कोण जाणार? ती आपलीच माणसं. गाडी पावलापावलानं न्यावी लागत होती, आणि नेमकं तेवढंच तिला येत नव्हतं.

ती खोकली, आचके देऊ लागली, बंद पडली. सुरू करावी, इंजिन बोंबलवत ठेवावं, क्लच अर्धा दाबून पुढे सरकावं, पुन्हा बंद. नाल्यातून वर चढताना तर तिनं मानच टाकली. आम्ही सगळे उतरलो आणि ढकलू लागलो. धुरानं आणि चिखलानं मी शिवलेले सगळे पांढरे सदरे काळे झाले. मी शिव्या देत होतो, कोणाला ते मलाच माहीत नव्हतं. पायी चालणारे आम्हाला मागे टाकून जात होते. एक म्हातारा तर ढकलायला हात लावून, राम राम करावा तसा जय भीम करून पुढे गेला.

वर्ध्याच्या पुढे उजाडलं आणि क्लच जळाला. मिस्त्री गाडीखाली शिरला. कसाबसा जमवून बाहेर आला तेव्हा ऊन चढलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. माय आतूनच विचारत होती, "किती राह्यलं बा?"

"आलंच माय. आलंच."

आम्ही पोचलो तेव्हा माणसं परत निघाली होती. सभा केव्हाच संपली होती. बाबा निघून गेले होते. मैदानात पायांचे ठसे, कागद आणि धूळ.

माय हळूहळू चालत आत गेली, एका जागी बसली, जमिनीवर हात ठेवला. मिस्त्री तिच्यापुढे उभा होता, काळ्या हातांनी.

"जाऊ दे बा," ती म्हणाली. "जागा तं पाह्यली नं. आवाज पुन्हा ऐकू. बाबा काय इथंच थांबते? यवतमाळलेबी येईन."

दीक्षा आम्ही घेतली, परत आल्यावर, वस्तीत आलेल्या भंतेजींकडून. राहिला होता तो आवाज. आणि डिसेंबरात बातमी आली की बाबा गेले.

त्या दिवशी पत्र्यापलीकडून हातोडीचा आवाज आला नाही. संध्याकाळी मी डोकावलो. त्यानं पिकअपचं इंजिन उघडलं होतं आणि साधी कॅम बसवत होता. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तसंच वाहू देत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो.

मोठी कॅम त्यानं पुन्हा पेटीत ठेवली नाही. दारातल्या खिळ्याला टांगली, सगळ्यांना दिसेल अशी. त्यानंतर कोणी पोट्टा गाडी पळवायची म्हणून आला की तो तिकडे बोट करायचा.

"ते पाहून राह्यला? तिनं माह्या मायले बाबाचा आवाज ऐकू देला नाही."

"तिनं नाही मिस्त्री, गर्दीनं," मी पत्र्याआडून म्हणायचो.

"गर्दी तं असणारच होती. मले काहून समजलं नाही?"

माय पुढच्या उन्हाळ्यात गेली. तिनं त्याला एका शब्दानंही कधी बोल लावला नव्हता. लावला असता तर बरं झालं असतं, असं तो एकदा म्हणाला.

पण दरवर्षी दसऱ्याला तो वस्तीला नागपूरला न्यायचा. सगळे उद्या निघायचे तर हा आज निघायचा. बायका कटकट करायच्या, मी तर सगळ्यांत जास्त. भाकरी शिळ्या व्हायच्या, मैदानात एक रात्र उघड्यावर काढावी लागायची. तो ऐकत नसे. साधी कॅम, साधी चाल, पिकअप बैलगाडीच्या मागे बैलगाडीसारखी चालायची, एकदाही बंद पडायची नाही. पोचलो की तो मायच्या जागेवर जाऊन बसायचा आणि मैदान भरताना पाहत राहायचा.

मग एका वर्षी पावसाळ्यात छातीत दुखायला लागून मिस्त्री गेला. गॅरेजात आता सायकलवाला बसतो. खिळा आहे, कॅम मिस्त्रीच्या बायकोनं घरी नेली.

त्या वर्षीच्या दसऱ्याला पिकअपवर नवा ड्रायव्हर होता, आमच्याच वस्तीतला. मी त्याला एक दिवस आधी निघायला लावलं. तो रस्ताभर कुरकुरत होता. मैदानात गाडी उभी करून त्यानं चहूकडे पाहिलं.

"काका, एवढी घाई कायले केली? इथं तं अजून कोणीच नाही."

"हाव," मी म्हटलं. "मिस्त्री असता तं त्याले लय बरं वाटलं असतं."