सावकाश फिरणारी तबकडी

सुधाकर गेल्याचं त्याच्या भाच्यानं, निखिलनं, फोनवर कळवलं आणि दुःखाच्या आधी मला रागच आला. ही बातमी मला या मुलाच्या तोंडून ऐकायची नव्हती. महिना उलटला, राग तसाच आहे. तेव्हा हा लेख गोड होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुधाकर वर्ध्याचा. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आला आणि लक्ष्मीबाई नगरात माझा शेजारी झाला. त्या काळी वकिलातींमधली कुटुंबं मायदेशी परत निघाली की घरातलं सामान विकून टाकत. अशाच एका अमेरिकन घरातून त्यानं रेकॉर्ड-प्लेअर आणि खोकंभर रॉकच्या तबकड्या आणल्या. प्लेअर तिकडच्या कमी दाबाच्या विजेवर चालणारा, म्हणून पहाडगंजातून ट्रान्सफॉर्मर आणून जोडला. मग दर रविवारी सकाळी आम्ही त्याच्या खोलीत जमायचो. ऐन जूनमध्येसुद्धा तो कूलर बंद करायचा, कारण त्या घरघरीत गिटारचे खालचे सूर ऐकू येत नाहीत. आम्ही घामानं निथळत बसायचो आणि तो गायक जड, खोल आवाजात एकेक शब्द ओढत गायचा... इंग्रजी निम्मं कळत नसे. आठवडाभर साहेबांचं खाली मान घालून ऐकणारा सुधाकर तेवढा वेळ ताठ बसलेला असे. म्हणायचा, "याला कसली घाई नाही बघ. याला कुणी उठवू शकत नाही."

पुढे उदारीकरण आलं. सुधाकरनं नोएडात एका सोसायटीत फ्लॅट घेतला. निखिल गुडगावात परदेशी कंपनीत इंजिनिअर म्हणून लागला, आणि एका रविवारी त्याच जुन्या गाण्यांच्या नव्यानं 'रीमास्टर' केलेल्या सीडी घेऊन आला. "मामा, बिल्कुल क्लीन साउंड. जरा खरखर नाही." सुधाकरनं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "हळू जागा कुठे गेल्या? सगळं सारखंच मोठ्यानं. आणि याला पळवलंय रे यांनी. पोरगा गातोय असं वाटतं."

पहिली तक्रार रास्तच होती. त्या सीडींमध्ये कुजबुजही ओरडल्यासारखी येते. पण निखिलनं दुसरी पकडली. त्यानं प्लेअर उलटा केला, खालचा मजकूर वाचला आणि हसत सुटला. "मामा यार, ही अमेरिकन विजेवरची मोटर आहे. तिकडची वीज साठ सायकलची, आपली पन्नास. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्टेज उतरतं, वेग नाही सुधारत. आपल्याकडे ही हळूच फिरणार. इतकी वर्षं तुम्ही सगळी गाणी चुकीची ऐकलीत." सोसायटीतली दोघं-तिघं चहाला आली होती. तीही हसली. सुधाकरही हसला, आणि सगळे गेल्यावर त्यानं प्लेअरवर चादर टाकली.

निखिल शंभर टक्के बरोबर होता, आणि माझा संताप नेमका तिथेच आहे. त्या बरोबरपणानं कुणाचं काय भलं झालं? एका माणसाकडे आठवड्यातून एकदा ताठ बसायची एक जागा होती, ती या शहाण्यानं चहा पिता पिता काढून घेतली. मला सुधाकरचाही राग येतो. "लाव की रे," असं मी किती वेळा म्हटलं असेल. "आता लावलं की चूकच ऐकू येते," एवढंच म्हणायचा. सीडीही त्यानं कधी ऐकल्या नाहीत. नव्या घरात रविवारी टीव्ही चालू असायचा आणि हा त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचा.

सुधाकरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धवंदना झाली, लोक जेवायला उठले, आणि मामांची आवड म्हणून निखिलनं सीडी लावली. सुधाकरची बायको, आमच्या वहिनी, स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.

"मामी, मामांचंच आवडतं गाणं आहे," तो म्हणाला.

"हा माणूस आमच्या घरी कधी गायला नाही," वहिनी म्हणाल्या. मग प्लेअरवरची चादर ओढून काढत मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही लावा."

मी तबकडी पुसली, पिन ठेवली. खरखर झाली आणि तो जड, सावकाश आवाज खोलीत आला... वहिनी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सुधाकर गेल्यापासून तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. निखिल माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, स्पीड मी ठीक करून देऊ शकतो." गप्प बस, मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गाणं शेवटपर्यंत त्याच्या त्याच वेगानं वाजलं.