टॉलेमीचा मुलगा टॉलेमी

सगुणा दोनदा नापास झाली ती एकाच पेपरात, आणि दोन्ही वेळा तिने राजाच्या मुलाला त्याचा नातू करून टाकलं.

ती कोपरीच्या कोळीवाड्यात राहते. सकाळी बाजारात मासळी विकते, दुपारी बीएचा अभ्यास करते. नववीत लग्न झालं, शाळा तिथेच राहिली. पन्नाशीत तिने ती पुन्हा उचलली. पेपर प्राचीन जगाचा होता. त्यात इजिप्तवर राज्य केलेलं एक ग्रीक घराणं, आणि त्यातल्या सगळ्या राजांचं नाव एकच, टॉलेमी.

कोळीवाड्यात वारलेल्या आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. जिवंत बापाचं नाव लेकाला ठेवणं म्हणजे बापाच्या मरणाची वाट बघणं. त्यामुळे पहिल्या टॉलेमीनंतर दुसरा दिसला की तिचा हात आपोआप ‘नातू’ लिहायचा. मधला मुलगा पुस्तकात राहून गेला असेल, असं तिने धरलं होतं. यंदा पेपर सुटला नाही तर सगळं पहिल्या वर्षापासून. घरात तिला कुणी थांब म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी ती थांबली नसती.

सून मेघाली पुस्तक धरून बसायची. राजे सासूच्या लवकर ओळखीचे झाले. एकाला लोक ढेरपोट्या म्हणत, एकाला हरभऱ्या, एकाला बासरीवाला. एका नावाची माणसं कोळीवाड्यातही अशीच ओळखतात. पण नातं विचारलं की जीभ एक पिढी ओलांडायची. टॉलेमीच्या जागी ओळखीचं नाव घालून पाहा, असं मेघालीने सुचवलं. सगुणाने शेजाऱ्यांची नावं घातली. ती सकाळपर्यंत धुऊन जात.

मग तिने लग्नातल्या उखाण्यानंतर कधीच न घेतलेलं नाव घ्यायचं ठरवलं. नवरा ओट्यावर जाळं शिवत होता. तिने पदर खोचला आणि भिंतीकडे तोंड केलं.

“गोमाजीचा मुलगा गोमाजी. त्याचा मुलगा गोमाजी.”

जाळ्यातली सुई थांबली. “ओ,” तो म्हणाला.

“तुम्हाला नाही, राजाला हाक मारली.”

“मग राजाला जेवायला कधी वाढशील गो?”

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नवऱ्याचं नाव घेताना प्रत्येक वेळी जीभ अडायची, आणि अडत घेतलेलं नातं सकाळीही जागेवर असायचं. विसरायची सोय नव्हती. सहाव्यापर्यंत सरळ बाप-लेक, पुढे भाऊ भावाच्या उरावर.

ठाण्याच्या कॉलेजात तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला. हात ‘ना’पर्यंत गेला. तिने आवाज न करता ओठांनी नाव घेतलं, ‘ना’ खोडला आणि लिहिलं, मुलगा.

पास झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी गोमाजीने विचारलं, “आता नाव घेणं संपलं?”

ती कोयती धूत होती.

“पुढच्या वर्षी दुसरी घराणी आहेत,” ती म्हणाली. “लागलं तर घेईन.”